जेसीबीच्या आधी एक पावसाळा: गावच्या क्रीडासंकुलाची आखणी

गावाला दोन एकर जागा मिळाली, की आठवड्याच्या आत जेसीबी येतो. आम्हीही तेच केलं होतं. एप्रिलात जागा ताब्यात आली, मे महिन्यात सपाटीकरण उरकलं, मधली ओघळ बुजवली, नारळ फोडून फोटो काढले. जुलैत पहिला दमदार पाऊस झाला आणि पाणी आपल्या जुन्या वाटेनं आलं. सकाळी बघतो तर कबड्डीच्या मैदानातून गुडघाभर खोल घळ पडलेली आणि आमचा मुरूम खालच्या सोयाबीनमध्ये. शेताच्या मालकांनी तोंड उघडायच्या आत आम्हीच घमेली घेऊन हजर झालो. चूक सरळसरळ आमची होती.

त्यानंतर आणखी तीन-चार गावांत मैदानं आखायला हातभार लावला. पहिल्यांदाच या कामात पडलेल्या मंडळींसाठी, म्हणजे ग्रामपंचायत सदस्य, तरुण मंडळाची पोरं, शाळेचे क्रीडाशिक्षक यांच्यासाठी, त्यातून जे कळलं ते लिहितोय. डोळ्यांपुढे देशावरची नेहमीची जागा आहे: वर माळ, खाली ओढा, मधे उतार. कोकणात पाऊस कितीतरी जास्त, विदर्भात ऊन जास्त, त्यामुळे आकडे बदलतील. कामांचा क्रम मात्र हाच ठेवा.

पायरी १: कागद

हे कंटाळवाणं आहे, म्हणून पटकन सांगतो. सातबारा काढा, गाव नकाशा काढा आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे पैसे भरून हद्दी कायम करून घ्या. शेजाऱ्याचा बांध कुठं संपतो हे मैदान झाल्यावर कळण्यात मजा नाही. जागा गायरान असेल तर ती मालकीनं सरकारची असते, ग्रामपंचायत फक्त सांभाळते. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून गायरानाबाबत महसूल खातं कडक झालंय, त्यामुळे नुसत्या ग्रामसभेच्या ठरावावर खोदकाम सुरू करू नका. वनखात्याची हद्द लागून असेल तर वनरक्षकाला सोबत घेऊन खुणा पाहून या. डोक्यावरून विजेची मोठी लाईन जात असेल तर तिच्याखाली खेळ नको. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडं क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अशा अनुदान योजना असतात. अर्जासोबत नकाशा लागतो, पण तो नकाशा पायरी २ आणि ३ झाल्यावरच काढा. उसना नमुना नकाशा जोडला, की पुढं मंजूर कागदाप्रमाणं डोंगर फोडत बसावं लागतं.

पायरी २: एक पावसाळा नुसतं बघा

हा सल्ला कुणालाच आवडत नाही. निधी परत जाईल, सरपंच बदलतील, असं सगळं ऐकावं लागतं. तरी पूर्ण पावसाळा जमत नसेल, तर निदान दोन मोठे पाऊस तरी बघाच.

पाऊस चालू असताना छत्री घेऊन जागेवर जा. पाणी कुठून शिरतं, कुठं जोर धरतं, कुठून बाहेर पडतं, तिथं तिथं काठ्या रोवा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा आणि जिथं पाणी तुंबलेलं दिसेल तिथं वेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधा. पाऊस उघडल्यावर त्या काठ्या-चिंध्यांवरून जो नकाशा तयार होतो, तो कुठल्याही संगणकावरच्या नकाशापेक्षा खरा असतो. ओढ्याला मोठ्यात मोठा पूर कुठवर आला होता, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ते झाडाचं नाव घेऊन सांगतात: "त्या करंजाच्या बुंध्याला पाणी लागलं होतं." त्या करंजाच्या खाली खोली, संडास, विजेचा खांब यातलं काहीही बांधायचं नाही.

शेळ्या राखणाऱ्या मावशींना विसरू नका. उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता सावली कुठं असते, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. टिटवी अंडी कुठं घालते तेही त्यांनाच विचारा. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस भरपूर, असं आपल्याकडं म्हणतात. ते खरं-खोटं बाजूला ठेवा, पण ज्या उघड्या मुरमाड तुकड्यावर ती दरवर्षी बसते तो नकाशावर नोंदवून ठेवा.

दुसरी गोष्ट सूर्य. मैदानाची लांबी दक्षिणोत्तर हवी, हे सगळे सांगतात. कारण साधं आहे. खेळ संध्याकाळी रंगतो आणि पश्चिमेकडं तोंड करून उभ्या असलेल्या पोराला चेंडू दिसत नाही. पण मावळतीची जागा वर्षभर हलते. आपल्या भागात जूनमध्ये सूर्य नेमक्या पश्चिमेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडं मावळतो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेकडं. म्हणून एकदा मे महिन्यात आणि एकदा डिसेंबरात, संध्याकाळी साडेपाचला, जिथं व्हॉलीबॉलचं नेट यायचंय तिथं उभं राहून बघा. डोळे मिचकावावे लागले तर जागा बदला.

शेवटी पायवाटा. लोक जागेतून आडवेतिडवे जात असतात, कुणी रानात, कुणी ओढ्याला. ती वाट कुंपणानं बंद केलीत तर महिनाभरात कुंपण कापलेलं सापडेल. वाट नकाशात घ्या, तिलाच संकुलाची आतली वाट करा.

पायरी ३: कोण खेळणार, आणि केवढ्या जागेत

"सगळे खेळ पाहिजेत" हे उत्तर मान्य करू नका. शाळेत जाऊन मुलींना वेगळं विचारा, मुलांसमोर त्या बोलत नाहीत. पहाटे पाचला हमरस्त्यावर जाऊन उभे राहा. तिथं भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी ट्रकच्या उजेडात धावत असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, शिवाय दोघांना १०० मीटर. गावात सुरक्षित धावपट्टीची खरी गरज त्यांना आहे, आणि बैठकीला तीच येत नाहीत कारण दिवसा कामावर असतात.

मापं अशी धरा. पुरुषांची कबड्डी १३ बाय १० मीटर, महिलांची १२ बाय ८. खो-खो २७ बाय १६. व्हॉलीबॉल १८ बाय ९, पण चारी बाजूंना किमान ३ मीटर मोकळे लागतात, म्हणजे प्रत्यक्षात २४ बाय १५. कबड्डी-खो-खोलाही कडेनं तीन-चार मीटर सोडा. रेषेला लागून दगडी कठडा असला की गुडघे फुटतात.

आता धावपट्टी. प्रत्येक गावाला टीव्हीवर दिसते तशी लंबगोल पट्टी हवी असते. ४०० मीटरची, आठ पट्ट्यांची धावपट्टी साधारण १७७ बाय ९३ मीटर जागा खाते. म्हणजे तुमचे दोन एकर संपून दुसऱ्याच्या शेतात. २०० मीटरची, चार पट्ट्यांची आखली (वळणाची त्रिज्या १८ मीटर, सरळ बाजू ४२.८२ मीटर) तरी ८९ बाय ४६ मीटर, म्हणजे बरोब्बर एकरभर जागा, आणि तीही पाटासारखी सपाट. जागा मुळातच सपाट असेल तर जरूर करा. उतार असेल तर हा हट्ट सोडा, असं मी स्पष्ट सांगतो.

त्याऐवजी जागेच्या कडेकडेनं, झाडांमधून, उताराला आडवी जाणारी दोन-अडीच मीटर रुंद मातीची वाट करा. दोन एकरांत ३२० मीटरची फेरी आरामात बसते. पाच फेऱ्या म्हणजे १६०० मीटर, अडीच फेऱ्या म्हणजे ८००. दर १०० मीटरला पांढरा दगड पुरा आणि फेरीच्या मध्यावर, १६० मीटरला, लाल दगड. १०० मीटरची सरळ धाव एकाच समपातळीवर, वरच्या बांधालगत काढा. पुढं थांबायला १५-२० मीटर जास्त ठेवा. पहाटे पोरं धावतील, सकाळी म्हातारी माणसं चालतील, वाट तीच.

पायरी ४: उतार मोजा, मग त्याला दुमडा

इथं सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

गवंड्याकडं लेव्हलची नळी असते: पंधरा-वीस मीटर लांब, पारदर्शक, आत पाणी. नळीत बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत आलं का ते बघा. मग एकानं वरच्या खुंटीपाशी, दुसऱ्यानं १५ मीटर खालच्या खुंटीपाशी टोक धरायचं. पाणी स्थिर झालं की दोघांनी जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची पट्टीनं मोजायची. वर ४० सेंटीमीटर आणि खाली १ मीटर १५ भरलं, तर फरक ७५ सेंटीमीटर. म्हणजे १५ मीटरला पाऊण मीटर उतार, वीसास एक. अशा पाच-सहा ओळी मोजल्या की एका सकाळीत सगळी जागा कागदावर उतरते.

आता हिशेब करा. वीसास एक उतारावर ४६ मीटर रुंद आणि ८८ मीटर लांब एकच सपाट मैदान करायचं, तर वरच्या कडेला सव्वा मीटरच्या आसपास कापायचं आणि खालच्या कडेला तेवढंच भरायचं. माती हलते साधारण ४१० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). हीच रुंदी २३-२३ मीटरच्या दोन टप्प्यांत केली तर २०५ ब्रास, म्हणजे बरोबर निम्मी. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. त्याच्या आज्यानं ताली (उताराला आडवे बांध) घातल्या त्या याच हिशेबानं. ताल घालायची पद्धत गावात असताना आपण एकसंध सपाट मैदानाच्या मागं का लागतो, हे मला अजून कळलेलं नाही.

वरच्या टप्प्यावर व्हॉलीबॉल आणि लहान मुलांचं, खालच्यावर खो-खो आणि कबड्डी. शक्य तो मैदान कापलेल्या भागावर घ्या, भरावावर झाडं आणि बसायची जागा. भराव दबायला वेळ लागतो. भरताना वीतभर थर, पाणी, रोलर, मग पुढचा थर. एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर पहिल्या पावसात मैदान पोट खाली घेतं.

दोन टप्प्यांमधला उतार ही तुमची प्रेक्षकांची बैठक. कोल्हापूरचं खासबाग मैदान कधी पाहिलं नसेल तर मुद्दाम जा. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ मध्ये पूर्ण झालेलं. मधोमध कुस्तीचा हौदा आणि भोवती त्याच्याकडं उतरत येणारी गोल बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही पैलवानाचा डाव दिसतो. आपल्याला त्याच्या दहाव्या हिश्श्याची गरज आहे, कल्पना तीच. जागेतच निघालेले दगड घेऊन, सिमेंट न वापरता, दगडावर दगड रचून पायऱ्या करा: उंची ४०-४५ सेंटीमीटर, बसायला पाऊण मीटर खोली. सिमेंट नसल्यानं मागचं पाणी फटींतून झिरपतं, भिंत फुगत नाही. जमल्यास बैठक मैदानाच्या पश्चिमेला घ्या, म्हणजे संध्याकाळी ऊन प्रेक्षकांच्या पाठीवर येतं आणि मागं झाडं लावली तर सावली मैदानावर उतरते.

गावाजवळ जुनी दगडखाण पडून असेल तर तिचाही विचार होतो. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराचं फुटबॉल स्टेडियम खाणीतच आहे, एका बाजूला गॅलरीऐवजी थेट कातळ. पण खाणीत सुटे दगड आणि साचलेलं पाणी असतं. अनुभवी अभियंत्याशिवाय तिथं पोरांना पाठवू नका.

पायरी ५: पाण्याला वाट

दोन एकरांवर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी ८० हजार लिटर पाणी होतं, आणि माळावरून येतं ते वेगळं. माळाचं पाणी मैदानात येऊच द्यायचं नाही. सगळ्यात वरच्या कडेला उताराला आडवा चर खणा, फूट-दीड फूट खोल, आणि तो जुन्या ओघळीत सोडा. ओघळ बुजवायची नाही. तिच्यात मधेमधे गुडघ्याएवढे दगडी बांध घाला, पाणी हळू होतं, गाळ मागं राहतो.

मैदानाला १०० मीटरला १ मीटर एवढाच उतार ठेवा, तोही एकाच दिशेला. मधे उंच आणि दोन्हीकडं उतरतं केलं तर खो-खोची मधली पट्टी वाकडी दिसते आणि पोरं कुरकुर करतात. मैदानाच्या खालच्या कडेला उथळ चारी, तिच्या टोकाला गाळ बसायला खड्डा, मग शोषखड्डा. ओढ्याच्या काठाची दहा-पंधरा मीटरची पट्टी मोकळी सोडा. तिथलं गवत, निरगुडी, करंज जसं आहे तसं राहू द्या, फक्त त्यातून वाट काढा. पुरात ती पट्टी बुडेल. बुडू द्या.

पावसाळ्यात खेळ थांबू नये म्हणून एक पत्र्याची शेड हवीच. २०० चौरस मीटरची शेड असेल तर ६०० मिलिमीटर पावसाच्या गावात तिच्यावरून वर्षाला लाखभर लिटरच्या आसपास पाणी मिळतं. पन्हळ लावून ते टाकीत घ्या. उन्हाळ्यात मैदानावर मारायला ते कामी येतं.

पायरी ६: माती

जागेवरची मूठभर माती ओली करा आणि तळहातावर सुतळीसारखी वळा. लांब, न तुटणारी सुतळी झाली तर ती काळी, फुगणारी माती. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती चपलेला घेऊन चालते. मैदानाखालची अशी माती दीड-दोन फूट काढून टाका आणि मुरूम भरा. काढलेली माती झाडांच्या खड्ड्यांना सोन्यासारखी आहे, विकू नका. सुतळी वळताना तुटत असेल तर जागा मुरमाड, तुमचं नशीब चांगलं.

कबड्डी आणि खो-खोच्या मैदानावर वर बारीक चाळलेली लाल माती. कुस्तीचा हौदा करायचा असेल तर तालमीतल्या वस्तादांनाच बोलवा. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, काव किती आणि कधी, यात आपण तोंड घालू नये.

धुळीचा विचार आधीच करा. दादरच्या शिवाजी पार्कसारख्या नावाजलेल्या मैदानाभोवतीचे रहिवासीही लाल मातीच्या धुळीनं वर्षानुवर्षं वैतागलेत. शेड, घरं आणि मैदान यांच्यामध्ये हरळीची चार-पाच मीटर पट्टी आणि झुडपांची दाट रांग ठेवा. शिवाजी पार्ककडून घ्यायची चांगली गोष्ट म्हणजे कट्टा. मैदानाभोवती उंच भिंत न घालता बसता येईल असा बुटका कट्टा घातला की बाहेरच्या माणसाचं लक्ष आपोआप आत राहतं.

पेव्हर ब्लॉक आणि प्लास्टिकचं गवत, दोन्ही नको. मे महिन्यात दुपारी चारला त्यावर अनवाणी उभे राहून बघा.

पायरी ७: झाडं

जी झाडं जागेवर आहेत ती आधी मोजा, नावं लिहा, बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढा. आखणी त्यांच्या मधून करा. जुन्या झाडाच्या बुंध्याशी भराव घालू नका, फूटभर माती चढली तरी मुळं गुदमरून झाड दोन-तीन वर्षांत वाळतं. पार बांधायचाच असेल तर बुंध्याभोवती भरपूर जागा उघडी सोडून बांधा, सिमेंट बुंध्याला भिडवू नका.

नवीन लावताना गुलमोहर आणि रेन ट्री टाळा. वाढतात झपाट्यानं, पण वादळात फांद्या मोडतात, आणि खाली पोरं असतात. सुबाभूळ एकदा लावली की आवरत नाही. पश्चिमेच्या सावलीसाठी कडुनिंब, करंज, आणि धीर असेल तर चिंच. ओढ्याकडं अर्जुन, जांभूळ, उंबर. वाटेच्या कडेला बहावा, ताम्हण, कांचन, पळस. उंबर-जांभूळ मैदानापासून लांबच हवीत. फळं पडली की पाय घसरतो, शिवाय जांभळाचे डाग शाळेच्या पांढऱ्या गणवेशावरून निघत नाहीत, आणि त्याचा जाब आयांना तुम्हालाच द्यावा लागतो. मैदानाच्या रेषेपासून झाड पाच-सहा मीटर दूर. भरावाच्या उतारावर वाळा लावा, त्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात.

खेळायच्या जागेजवळ दगडांचे ढीग ठेवू नका, तिथं घोणस मुक्कामाला येते. उरलेले दगड लगेच पायऱ्यांत किंवा बांधात घाला.

पायरी ८: बांधकाम आणि दिवे

कमीत कमी. सामान ठेवायची खोली, कपडे बदलायच्या दोन खोल्या, पाण्याचे नळ, संडास. मुलींचा संडास प्रवेशाजवळ, उजेडात, आतून घट्ट लागणाऱ्या कडीसह. मागच्या कोपऱ्यात बांधला तर मुली येणं बंद करतात आणि मग "मुली खेळतच नाहीत" असं बैठकीत ऐकायला मिळतं. वरच्या टप्प्यावरून खालच्यावर जायला पायऱ्यांसोबत एक संथ उतरण हवी. व्हीलचेअर त्यावरून जाते आणि रोलरही.

दिवे खाली तोंड केलेले, ओढ्याच्या पट्टीत एकही नाही. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात, तेव्हा दोन संध्याकाळी दिवे लावूच नका, नाहीतर पोरांच्या तोंडात किडे जातील.

पायरी ९: पहिलं वर्ष

समिती पाच-सहा जणांची, त्यात दोन मुली खेळाडू. किल्ली कुणाकडं, पाणी कोण मारणार, लग्नाचा मांडव मैदानात घालू द्यायचा का, हे तिन्ही प्रश्न उद्घाटनाआधी लेखी ठरवा. मांडवाच्या खुंट्यांनी पडलेली भोकं महिनोन्महिने पायात येतात. ट्रॅक्टर आत येऊ नये म्हणून प्रवेशाला दोन दगडी खांब, मधे सव्वा मीटर. रोलर ओढून आत नेता येईल एवढं अंतर आहे ना, ते आधी मोजा, आमचा अडकला होता.

पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, मैदान उकरून, नवी माती मिसळून, पाणी मारून रोलर फिरवायचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा एकदा. पण एप्रिलमध्ये रोलर काढण्याआधी मैदानावरून एक फेरी चालत मारा. दुसऱ्या वर्षी आमच्या व्हॉलीबॉलच्या कोपऱ्यात टिटवीनं चार अंडी घातली होती, खड्यांच्या रंगाची, पाय पडेपर्यंत न दिसणारी. पोरांनी भोवती दगड मांडले, नेटचे खांब उपटून आठ पावलं पलीकडं रोवले आणि महिनाभर तिथंच खेळले. पिल्लं अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात चालायला लागतात आणि जागा सोडतात. मग रोलर फिरवायला हरकत नाही.